‘अंधाधुन’ : परीक्षणांची पसंती आणि न सुटलेला शेवट

रहस्य आणि विनोद यांची सोयरीक हिंदी पडद्याला नवी नाही; परंतु या सोयरिकीतून जन्मलेल्या चित्रपटांकडे समीक्षेने बराच काळ पाहुण्यासारखे पाहिले. हसवणूक झाली, खुनी सापडला, दिवे लागले, एवढ्यावर त्यांचे मोजमाप संपत असे. पुरस्कारांच्या पंगतीत त्यांना पान मिळालेच तर ते कडेचे. श्रीराम राघवन दिग्दर्शित ‘अंधाधुन’ हा या रीतीला ठळक अपवाद. ५ ऑक्टोबर २०१८ रोजी प्रदर्शित झालेला आणि पुण्यात घडणारा हा चित्रपट परीक्षकांनी उचलून धरला, प्रेक्षकांनी एकमेकांना सांगत चालवला आणि पुढील वर्षी सर्वोत्कृष्ट हिंदी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही त्यालाच मिळाला. मात्र या स्वागताचा तपशील पाहू जाता असे दिसते, की स्तुती जितकी एकमुखी होती तितकी ती नेमकी कशाची होती, याविषयी एकमत नव्हते. चित्रपटाच्या शेवटाविषयी तर ते आजही नाही.

अंध नसलेला अंध

आकाश सराफ (आयुष्मान खुराना) हा पियानोवादक. डोळे शाबूत असूनही तो आंधळेपणाचे सोंग घेऊन राहतो. दृष्टी मिटली की संगीत अधिक उमलते, अशी त्याची समजूत. सोफी (राधिका आपटे) हिच्या स्कूटरचा त्याला धक्का लागतो आणि त्या अपघातातून तिच्या वडिलांच्या रेस्टॉरंटमध्ये त्याला पियानो वाजवण्याचे काम मिळते. तेथे येणारा प्रमोद सिन्हा (अनिल धवन) हा सत्तरच्या दशकातील मावळलेला नट. लग्नाच्या वाढदिवशी तरुण पत्नी सिमी (तब्बू) हिला चकित करण्यासाठी तो आकाशला घरी वादनाचे निमंत्रण देतो. ठरल्या वेळी आकाश दाराशी पोहोचतो, दार सिमी उघडते, आणि आत जमिनीवर प्रमोद सिन्हाचे प्रेत पडलेले असते. सिमीचा प्रियकर न्हाणीघरात लपलेला. आकाशला सारे दिसते आहे. पण दिसते आहे असे दाखवण्याची सोय नाही. तो पियानोवर बसतो आणि वाजवू लागतो. त्याच्या पाठीमागे प्रेताची आवराआवर सुरू होते.

प्रदर्शनानंतरच्या परीक्षणांत सर्वाधिक उल्लेख या प्रसंगाचा झाला, आणि तो योग्यच होता. हातांना सूर सांभाळायचे आहेत, चेहऱ्याला कोरेपण आणि डोळ्यांना शून्यता. प्रेक्षकाला हसू फुटते आणि त्याच क्षणी आपण कशाला हसतो आहोत या जाणिवेने ते घशात अडकते. विनोद आणि भीती आलटून पालटून येणे हा रहस्यपटाचा नेहमीचा शिरस्ता. येथे ती एकाच चौकटीत, एकाच वेळी आहेत. ‘काळा विनोद’ हा शब्द मराठी चित्रपट-परीक्षणांत पुष्कळदा सैलपणे वापरला जातो. त्याचा नेमका अर्थ कोणास समजावून द्यायचा असेल तर ही काही मिनिटे दाखवावीत.

पुढे सिमीला संशय येतो, सोंग घेणारा आकाश खरोखरच आंधळा केला जातो, आणि कथा अवयवांच्या चोरट्या व्यापाराकडे वळते. मुरली हा रिक्षाचालक, सखू (छाया कदम) ही लॉटरीची तिकिटे विकणारी बाई आणि डॉ. स्वामी (झाकीर हुसेन) हे त्या व्यापारातील भागीदार. येथवर आलेला प्रेक्षक एव्हाना कोणत्याही पात्राच्या शब्दावर विश्वास ठेवण्याच्या मनःस्थितीत नसतो. चित्रपटाचे नावही असेच दुहेरी आहे. हिंदीतील ‘अंधाधुंध’, आपल्याकडचे ‘अंदाधुंद’, या शब्दाशी खेळत त्यात ‘अंध’ही बसवला आहे आणि ‘धुन’ही. निर्मितीच्या काळात चित्रपटाची दोन वेगळी नावे फिरत होती. पहिले फ्रान्स्वा त्रुफोच्या गाजलेल्या चित्रपटावरून घेतलेले ‘शूट द पियानो प्लेयर’ आणि दुसरे ‘मुड मुड के ना देख’. तिसरे पसंत झाले हे बरे झाले.

हळू सुरुवात, लांब मजल

पहिल्या दिवशी चित्रपटाने देशात जेमतेम पावणेतीन कोटी रुपयांची कमाई केली. त्याच दिवशी ‘लवयात्री’ हा सलमान खान निर्मित चित्रपट आणि हॉलीवूडचा ‘व्हेनम’ही पडद्यावर आले होते. तरीही शनिवारी आकडा वाढला, रविवारी तो सात कोटींच्या घरात गेला आणि नंतरचे आठवडे चित्रपट टिकून राहिला. त्या दिवसांत ‘तुंबाड’ (१२ ऑक्टोबर) आणि आयुष्मान खुरानाचाच ‘बधाई हो’ (१८ ऑक्टोबर) हेही प्रदर्शित झाले. मोठ्या नटाच्या नावापेक्षा कथेच्या बळावर चित्रपट चालू शकतो, अशी चर्चा त्या हंगामात वृत्तपत्रांच्या मनोरंजन पानांवर पुष्कळ झाली. ‘अंधाधुन’ हा त्या चर्चेतील हुकमी दाखला. वर्षअखेरीस आयएमडीबी या संकेतस्थळाने प्रेक्षकांच्या गुणांकनावरून केलेल्या २०१८ मधील भारतीय चित्रपटांच्या यादीत तो पहिल्या क्रमांकावर होता.

रहस्यपटाचे परीक्षण लिहिणे हे मुळातच अवघड काम. काय आवडले ते सांगायचे, पण का आवडले ते सांगता येत नाही. कारण ‘का’ सांगितले की गुपित फुटते. या चित्रपटाच्या बाबतीत अनेक परीक्षकांनी पूर्वार्धाची रूपरेषा सांगून हात आखडता घेतला आणि उरलेली जागा अभिनय, संगीत व संकलन यांना दिली. त्यामुळे एक गंमत झाली. ज्या उत्तरार्धावर चित्रपटाचा खरा वाद आहे, त्याविषयी पहिल्या आठवड्यात फारसे लिहिलेच गेले नाही. जे लिहिले गेले ते सूचक होते. मध्यंतरानंतर पकड सैल होते, अवयवविक्रीचा पसारा वाढतो, योगायोग फार होतात, अशा स्वरूपाचे आक्षेप मोजक्या परीक्षकांनी नोंदवले, पण तेही स्तुतीच्या ओघात, कंसात टाकल्यासारखे.

हा आक्षेप बिनबुडाचा नाही. वाद्यासमोरच्या प्रसंगात जी काटेकोर मांडणी आहे ती रुग्णालय, गोदाम आणि महामार्ग यांच्या धावपळीत राहत नाही. वैद्यकीय तर्कही ठेचकाळतो. सिमीने दिलेल्या विषारी पदार्थाने आकाशची दृष्टी जाते आणि दुसऱ्याचे नेत्रपटल बसवून ती परत आणता येईल असे आमिष त्याला दाखवले जाते. परंतु विषाने दृष्टी गेली तर इजा बहुधा दृष्टिचेतेला होते आणि तेथे नेत्रपटल बदलून उपयोग होत नाही. सिमीच्या दुर्मिळ रक्तगटावर कथेत बराच भर आहे. यकृतासाठी तो महत्त्वाचा असतो, नेत्रपटलासाठी सहसा लागत नाही. नेत्रविशारदांनी हे पाहून कपाळाला हात लावला असेल. पण शेवट पाहिल्यावर वाटते, की ही भोके कथेची आहेत की कथा सांगणाऱ्या पात्राची? हा प्रश्न येथे फुटकळ नाही, कारण उत्तरार्धातील महत्त्वाचा भाग आपण आकाशच्या तोंडून ऐकलेला असतो.

ससा, काठी आणि डबा

ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांनी हा भाग ओलांडून पुढे जावे.

दोन वर्षांनंतर पोलंडमधील क्राको शहरात सोफीला आकाश भेटतो. तो अजूनही आंधळाच आहे, निदान तसा वावरतो. तो तिला सारी हकिकत सांगतो. सिमी गाडीने आपल्याला चिरडायला आली, तेवढ्यात शिकाऱ्याच्या बंदुकीतून सुटलेला एक ससा उसळून काचेवर आदळला, गाडी उलटली आणि ती मेली. सोफी म्हणते, डॉक्टरांनी देऊ केलेले डोळे तू घ्यायला हवे होतेस. तो निरोप घेऊन निघतो. रस्त्यात पत्र्याचा रिकामा डबा पडलेला आहे. त्याची काठी त्या डब्याला बेमालूम टोला मारून बाजूला भिरकावते. काठीची मूठ सशाच्या तोंडाच्या आकाराची.

चित्रपट संपतो, आणि येथून त्याचे दुसरे परीक्षण सुरू होते, जे वृत्तपत्रांनी नव्हे, प्रेक्षकांनी लिहिले. आकाशला दिसते आहे, हे जवळजवळ सर्वांना मान्य. मग त्याने सिमीचे डोळे घेतले काय? घेतले असतील तर डॉ. स्वामींचा आणि तिचा मृत्यू कसा झाला? सशाची गोष्ट त्याने रचली असेल, तर तिचे बीज त्याला कोठून मिळाले, त्या मुठीवरून? चित्रपटाच्या अगदी आरंभी, कोबीच्या शेतात शिकाऱ्यापुढे धावणारा एका डोळ्याने अधू ससा दिसतो. म्हणजे ससा खराच होता, असे एक मत. आणि तो आरंभही आकाशच्या कथनाचाच भाग आहे, असे दुसरे. दिग्दर्शकाने शेवट मुद्दामच मोकळा सोडला आहे. अनेक प्रेक्षकांनी पुन्हा तिकीट काढले ते या कोड्यासाठी. डोंबिवलीहून दादरपर्यंतच्या लोकलच्या प्रवासाला चर्चेसाठी इतका पुरणारा शेवट हिंदी पडद्यावर क्वचितच आला असेल.

पारंपरिक रहस्यपट शेवटी गाठ सोडवतो आणि प्रेक्षकाला मोकळा करतो. ‘अंधाधुन’ गाठ प्रेक्षकाच्या हाती देऊन निघून जातो. यामुळे समीक्षेतील एक जुना निकषच बाद झाला. ‘गुपित कळल्यावर चित्रपट पुन्हा पाहवतो का?’ या कसोटीवर बहुतेक रहस्यपट गळतात. येथे गुपित कळतच नाही. आणि दुसऱ्यांदा पाहताना विनोद अधिक काळा दिसू लागतो.

फ्रेंच बीज आणि उघड ऋणनिर्देश

परदेशी चित्रपटावरून कल्पना उचलणे हा हिंदी व्यवसायाचा जुना उद्योग आणि त्यावरून परीक्षकांनी कान धरणे हाही तितकाच जुना. ‘अंधाधुन’चे बीज ‘लाकोर्दर’ (२०१०) या ऑलिव्हिए त्रेनर दिग्दर्शित फ्रेंच लघुपटात आहे. पंधरा मिनिटांहून कमी लांबीच्या त्या लघुपटात पियानो जुळवून देणारा एक तरुण आंधळेपणाचे सोंग घेतो आणि एका घरात जाऊन अडकतो. त्याला २०१२ मध्ये सर्वोत्कृष्ट लघुपटाचा सेझार पुरस्कार मिळाला होता. कन्नड दिग्दर्शक हेमंत राव यांनी तो राघवन यांच्या नजरेस आणून दिला आणि पुढे तेही पटकथालेखनात सहभागी झाले. चित्रपटात या ऋणाचा निर्देश आहे. त्यामुळे ‘नक्कल’ हा शब्द परीक्षणांत फारसा आलाच नाही. उलट एका प्रसंगापुरत्या कल्पनेतून दोन तासांहून अधिक लांबीची कथा उभी केल्याबद्दल कौतुक झाले. राष्ट्रीय पुरस्कारांतही राघवन, अरिजित विश्वास, योगेश चांदेकर, हेमंत राव आणि पूजा लढा सुरती या पाच जणांना गौरवण्यात आले ते रूपांतरित पटकथेच्या विभागात. प्रामाणिकपणाला इतके रोकडे बक्षीस सहसा मिळत नाही.

या संदर्भात ठाणे जिल्ह्यातील वाचकांना ‘डोंबिवली फास्ट’ (२००५) आठवल्यावाचून राहणार नाही. निशिकांत कामत यांच्या त्या मराठी चित्रपटाची तुलना परीक्षकांनी ‘फॉलिंग डाऊन’ (१९९३) या अमेरिकी चित्रपटाशी केली. परंतु लोकलने रोज ये-जा करणारा बँक कर्मचारी माधव आपटे (संदीप कुलकर्णी) इतका इथल्या मातीतला निघाला, की त्या तुलनेने चित्रपटाचे काही बिघडले नाही. त्याला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि कामत यांनीच २००७ मध्ये त्याचा ‘एवनो ओरुवन’ हा तमिळ अवतार केला. पुढे त्यांनी गोव्यात घडणारा हिंदी ‘दृश्यम’ (२०१५) दिग्दर्शित केला, ज्यात तब्बू पोलीस अधिकारी होती. डोंबिवलीचे नाव आणखी एकदा पडद्यावर झळकले ते आदित्य सरपोतदार यांच्या ‘झोंबिवली’मुळे (२६ जानेवारी २०२२). भीती आणि विनोद यांची मोट बांधणाऱ्या या मराठी चित्रपटाचे दिग्दर्शक पुढे ‘मुंज्या’ (२०२४) आणि आयुष्मान खुराना नायक असलेला ‘थामा’ (२०२५) घेऊन हिंदीत आले.

उसनी कल्पना परीक्षकांच्या गळी उतरते ती गावामुळे, असे या उदाहरणांवरून म्हणता येईल. ‘अंधाधुन’मधील पुणे हे देखाव्यापुरते नाही. शेजारच्या दारातून डोकावणाऱ्या वृद्ध बाई, मुंबईच्या झगमगाटापासून दूर निवृत्त जीवन जगणारा नट, लोकांच्या उचापती टिपणारा खोडकर पोरगा बंडू. ही माणसे मुंबईत अशीच सापडली नसती. राघवन यांचे शिक्षण पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये झाले. ‘द एट कॉलम अफेअर’ (१९८७) हा त्यांचा पदविका-लघुपट. वृत्तपत्राच्या पहिल्या पानावरील धावपटू शेवटच्या पानावरील खेळाडू तरुणीपर्यंत पोहोचू पाहतो, अशी त्याची अफलातून कल्पना. अनिल धवन हेही त्याच संस्थेचे विद्यार्थी. ‘चेतना’ (१९७०) हा त्यांचा गाजलेला चित्रपट, आणि मराठी ‘मुंबईचा जावई’वरून बासू चटर्जी यांनी केलेल्या ‘पिया का घर’मधील (१९७२) चाळीतला नवरदेवही तेच. आपल्याच जुन्या गाण्यांत रमणारा नट त्यांच्याकडून करवून घेण्यात जी मिस्कील माया आहे, ती तरुण परीक्षकांपेक्षा जुन्या प्रेक्षकांना अधिक जाणवली असावी. चित्रपटाची अर्पणपत्रिकाच मुळी ‘छायागीत’ आणि ‘चित्रहार’ या दूरदर्शनच्या कार्यक्रमांना आहे.

पंगतीतले पान

९ ऑगस्ट २०१९ रोजी ६६ वे राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार जाहीर झाले. सर्वोत्कृष्ट हिंदी चित्रपट आणि रूपांतरित पटकथा यांबरोबरच सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार आयुष्मान खुराना यांना ‘उरी’मधील विकी कौशल यांच्यासह विभागून मिळाला. त्याआधी फिल्मफेअरने समीक्षकांच्या पसंतीचा सर्वोत्कृष्ट चित्रपट, पटकथा, संकलन (पूजा लढा सुरती) आणि पार्श्वसंगीत (डॅनियल जॉर्ज) असे पुरस्कार दिले होते. आयुष्मान यांना समीक्षक-पसंतीच्या अभिनेत्याचा पुरस्कार तेथेही विभागूनच मिळाला. दृष्टी रोखणारी खास लेन्स लावून आणि पियानोवर प्रत्यक्ष मेहनत घेऊन केलेल्या या भूमिकेचा तो सन्मान रास्त होता.

पण तब्बू? परीक्षणांत सर्वाधिक विशेषणे जिच्या वाट्याला आली, तिचे नाव या दोन्ही पुरस्कारांच्या विजेत्यांत नव्हते. ‘माचिस’ आणि ‘चांदनी बार’साठी दोनदा राष्ट्रीय पुरस्कार मिळवलेल्या या अभिनेत्रीला पुरस्कारांचे अप्रूप नसेल; तरी ही गाळणूक बोलकी आहे. सिमी खून करते, त्याच्या दुसऱ्या क्षणी गृहिणीसारखी घर आवरते आणि तिसऱ्या क्षणी शोकाकुल विधवा होते. प्रत्येक वळणावर ती थोडी हास्यास्पद आणि पुष्कळ भयंकर असते. ‘मकबूल’मधील निम्मी ही तिची अशीच एक पापिणी, शेक्सपियरच्या लेडी मॅकबेथवरून बेतलेली; परंतु निम्मीच्या पाठीशी शोकांतिकेचे वजन होते. सिमीला तो आधार नाही. तिला हसू येऊ द्यायचे आहे आणि त्या हसण्यामागची थंडी लपवायची नाही. पुरस्कार देणाऱ्यांना अश्रू मोजता येतात, असे हसू मोजण्याचे माप त्यांच्यापाशी अद्याप नाही.

मागे वळून पाहिले तर ही तक्रार जुनीच ठरते. राजा नवाथे या मराठी दिग्दर्शकाचा ‘गुमनाम’ (१९६५) हा अगाथा ख्रिस्तीच्या कादंबरीच्या धर्तीवरील रहस्यपट, आणि त्यातील मेहमूदचा खानसामा लोकांच्या तोंडी बसला. पण त्याच्या आरंभीच्या, रफींनी गायिलेल्या नृत्यगीताला जाणकारांच्या जगात प्रतिष्ठा मिळाली ती ‘घोस्ट वर्ल्ड’ (२००१) या अमेरिकी चित्रपटाने ते वापरल्यावर. कुंदन शाह यांच्या ‘जाने भी दो यारो’ला (१९८३) दिग्दर्शकाच्या पहिल्या चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला खरा, परंतु चित्रपटगृहांत तो फारसा चालला नाही. आज जी त्याची थोरवी सांगितली जाते ती दूरदर्शन आणि चित्रफिती यांनी नंतर बहाल केलेली. राघवन यांचा स्वतःचा ‘जॉनी गद्दार’ (२००७) परीक्षकांना आवडूनही तिकीटबारीवर पडला होता. आपल्याकडे बाबुराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या, दोन पिढ्यांना वाचनाची गोडी लावली. तरी वाङ्मयाच्या इतिहासात त्यांना किती ओळी मिळाल्या, हे सर्वश्रुत आहे. ‘अंधाधुन’ला सन्मान आणि प्रेक्षक दोन्ही एकाच वर्षात मिळाले, हे त्यामुळे उठून दिसते.

न विचारलेला प्रश्न

या भरभरून झालेल्या स्वागतात एक प्रश्न मात्र कोपऱ्यात राहिला. डोळस माणसाने आंधळेपणाचे सोंग घ्यावे आणि त्यावर चित्रपटगृह हसावे, हे अंध व्यक्तींच्या दृष्टीने कसे? आंधळा म्हणजे फसवणारा, ही शंका आपल्या समाजात आधीच आहे. पांढरी काठी घेऊन रस्ता ओलांडणाऱ्याला ‘खरंच दिसत नाही ना?’ असे विचारणारे महाभाग रेल्वेच्या फलाटावर आजही भेटतात. अशा शंकेला चित्रपट खतपाणी घालतो, असे कोणी म्हटले तर ते हसण्यावारी नेता येणार नाही.

या विषयाला पुढे कायदेशीर चौकटही लाभली. ८ जुलै २०२४ रोजी ‘आँख मिचोली’ या हिंदी चित्रपटासंबंधीच्या याचिकेवर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाच्या खंडपीठाने (तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड आणि न्या. जे. बी. पारडीवाला) अपंगत्वाच्या चित्रणाविषयी मार्गदर्शक तत्त्वे सांगितली. अपंग व्यक्तीला हिणवणारा विनोद वेगळा आणि अपंगत्वाविषयीच्या रूढ समजुतींना धक्का देणारा विनोद वेगळा, हा भेद न्यायालयाने स्पष्ट केला. हा निकाल ‘अंधाधुन’विषयी नव्हता, परंतु ती कसोटी लावून पाहणे उद्बोधक ठरते. चित्रपटात हसू येते ते कोणाला? आंधळ्यासमोर काहीही केले तरी चालते, असे मानणाऱ्या डोळसांना. सिमी, तिचा प्रियकर, बंडू, मुरली आणि सखू. प्रत्येक जण आकाशच्या न दिसण्याचा फायदा घेऊ पाहतो आणि तोंडघशी पडतो. आकाश खरोखर दृष्टी गमावतो तेव्हा विनोदाचा सूर बदलतो आणि त्याची धडपड केविलवाणी न होता बेरकी होते. या बाजूने पाहिले तर चित्रपट कसोटीस उतरतो. दुसरी बाजू अशी, की संपूर्ण कथेत खराखुरा, रोजचे आयुष्य जगणारा एकही अंध माणूस नाही. अंधत्व येथे मुखवटा तरी आहे किंवा शिक्षा तरी. २०१८च्या परीक्षणांनी ही उणीव अधिक ठळकपणे मांडायला हवी होती.

सीमेपलीकडे आणि भाषांतरात

३ एप्रिल २०१९ रोजी चित्रपट चीनमध्ये प्रदर्शित झाला आणि तेथे त्याने तीनशे कोटी रुपयांहून अधिक गल्ला जमवला. भारतातील कमाई त्यापुढे बरीच मागे पडली. चीनमध्ये तोवर ‘दंगल’, ‘सीक्रेट सुपरस्टार’, ‘हिंदी मीडियम’ असे कौटुंबिक किंवा सामाजिक आशयाचे हिंदी चित्रपट चालले होते. ज्यात कोणीही आदर्श नाही आणि ज्यातून काही बोध मिळत नाही, असा चित्रपट तेथे चालेल, हे अपेक्षित नव्हते.

दक्षिणेत त्याचे तीन अवतार झाले. तेलुगूत ‘माएस्ट्रो’ (२०२१), मल्याळममध्ये पृथ्वीराज यांचा ‘भ्रमम’ (२०२१) आणि तमिळमध्ये प्रशांत यांचा ‘अंधगन’ (२०२४). सिमीची भूमिका अनुक्रमे तमन्ना, ममता मोहनदास आणि सिमरन यांनी केली. तिघींनाही तब्बूच्या सावलीत उभे राहून काम करावे लागले आणि परीक्षकांनी तुलना टाळली नाही. मूळ चित्रपट भाषेची भिंत ओलांडून आधीच सर्वत्र पाहिला गेला होता. त्यामुळे धक्क्यांचा जोर ओसरलेला. हैदराबाद असो वा गोवा, पुण्यातल्या त्या विशिष्ट निवांतपणाला पर्याय शोधणे सोपे नसते.

राघवन यांचा त्यानंतरचा चित्रपट ‘मेरी ख्रिसमस’ १२ जानेवारी २०२४ रोजी आला. कतरिना कैफ आणि विजय सेतुपती यांच्या भूमिका असलेला, एका रात्रीत घडणारा हा रहस्यपट फ्रेदेरिक दार यांच्या फ्रेंच कादंबरीवर बेतलेला होता. त्याचा शब्दाविना, केवळ संगीतावर चालणारा अखेरचा प्रसंग परीक्षकांनी वाखाणला. तिकीटबारीवर मात्र त्याला ‘अंधाधुन’सारखा प्रतिसाद मिळाला नाही.